वर्गात नसलेल्या बाळासाठी

आपल्या भाषेने मुलांच्या आजारांना घरोब्याची नावे दिली आहेत. गोवर निघतो, कांजिण्या येतात, गालगुंड होते. आणि ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पाडली त्याला तर आपण ‘देवी’ म्हटले. रुबेलाला मात्र मराठीत स्वतःचे नाव मिळाले नाही. ‘जर्मन गोवर’ हेही उसनेच. कारण उघड आहे. हा आजार मुलाला जेमतेम शिवून जातो. थोडा ताप, कानामागे गाठी, दोन-तीन दिवसांचे पुरळ. संसर्ग झालेल्या कित्येकांना तर एकही लक्षण दिसत नाही. जो आजार आईच्या लक्षातही येत नाही, त्याचे बारसे कोण करणार?

त्याचे खरे रूप मला म्हैसुरात आल्यावर उमगले. येथील मानसगंगोत्री परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. दूरदूरच्या गावांहून आईवडील आपल्या चिमुकल्यांना घेऊन तेथे येतात, कारण हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही. जन्मजात बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. पण त्यांतले एक पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे, आणि ते म्हणजे गरोदरपणातील रुबेला. १९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी नवजात बाळांमधील मोतीबिंदूचा संबंध मातांना गरोदरपणी झालेल्या या ‘किरकोळ’ आजाराशी जोडला. पहिल्या १२ आठवड्यांत आईला संसर्ग झाला, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो आणि नुकतेच घडू लागलेले कान, डोळे व हृदय यांच्या वाढीत बिघाड करतो.

५ फेब्रुवारी २०१७ रोजी कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी, गोवा आणि लक्षद्वीप येथे गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीला, पूर्वी लस घेतलेली असो वा नसो, एक मात्रा द्यायची होती. आमच्या मुलाच्या दप्तरातूनही शाळेचे पत्र आले आणि पालकांच्या गटात प्रश्नांची झोड उठली. गोवराची लस तर लहानपणीच दिली आहे, मग पुन्हा का? आणि गर्भाचा प्रश्न असेल, तर मुलग्यांना कशाला टोचायचे?

प्रश्न रास्त होते, आणि उत्तरेही सरळ होती. तोवर राष्ट्रीय कार्यक्रमात रुबेलाची लस नव्हतीच. आणि विषाणू मुलगा-मुलगी असा भेद करत नाही: वर्गातला मुलगा तो घरी नेतो, घरी आईला दिवस गेलेले असतात, किंवा फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना. शिवाय ही लस अर्धवट देणे धोक्याचे ठरू शकते. थोड्याच मुलांना दिली, तर विषाणूचा फैलाव मंदावतो पण थांबत नाही. मग बालपणी त्यातून सुटलेल्या मुली नेमक्या बाळंतपणाच्या वयात त्याच्या तावडीत सापडतात. ग्रीसने १९९३ मध्ये याची किंमत मोजली. म्हणूनच पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्वांना एकदम कवेत घेणे आवश्यक होते.

म्हैसूरला अशी शंका नवी नाही. १८०५ च्या सुमारास थॉमस हिकी याने रंगवलेल्या एका चित्रात तीन राजस्त्रिया आहेत. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांच्या मते त्या म्हैसूरच्या वाडियार घराण्यातील असून, धाकट्या राणीचा पदराआडून दिसणारा दंड देवीच्या नव्या लसीची ग्वाही देतो. ती लस भारतात प्रथम यशस्वीपणे टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातून ती पुढच्या मुलांना दिली गेली, आणि अशी दंडादंडावरून देशभर गेली. एका मुलाने दुसऱ्यासाठी लस वाहून नेण्याची रीत आपल्याकडे दोन शतकांची आहे.

आता देशाने २०२६ अखेर गोवर आणि रुबेला यांच्या निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. त्यासाठी दोन्ही मात्रा किमान ९५ टक्के बालकांना मिळायला हव्यात. पहिली ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या. २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीत हे प्रमाण ९३.७ आणि ९२.२ टक्के होते. उरलेले अंतर लहान दिसते. पण ही राहून गेलेली मुले सर्वत्र सारखी विखुरलेली नसतात. ती एखाद्या वस्तीत, एखाद्या शाळेत एकवटतात. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराने तेच दाखवून दिले.

शाळांचे आजारपणाचे नियम याच साखळीतला दुसरा दुवा. ताप आणि पुरळ असेल तर मुलाला घरी ठेवून डॉक्टरांना दाखवावे. गोवर असल्यास पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, रुबेला असल्यास सात दिवस, कांजिण्या असल्यास सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नये. नियम सोपे आहेत, पाळणे अवघड. रोजंदारीवरच्या आईला रजा नसते. आणि शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस ठेवणारी शाळा नकळत तापलेल्या मुलालाच बाकावर बसवते. ते बक्षीस बंद करायला पैसा लागत नाही.

तरीही रुबेलापुढे केवळ घरी ठेवणे पुरत नाही. पुरळ उठण्यापूर्वीचे काही दिवस मूल संसर्ग पसरवत असते, आणि अनेकांना पुरळ उठतच नाही. जे दिसते त्यासाठी रजा. जे दिसत नाही त्यासाठी लस. शाळेच्या पत्रावर आपण आपल्या मुलाच्या नावापुढे सही करतो. पण तिचा लाभ ज्याला व्हायचा, ते बाळ बहुधा अजून जन्मलेलेही नसते.