ओटीवरचीं माणसें

कोंकणांत जावयाचें तें गणपतींत किंवा आंब्यांच्या दिवसांत, हा आपल्याकडील घरोघरचा परिपाठ. त्या दिवसांत गांवें गजबजलेलीं असतात, घरांचीं दारें उघडीं असतात आणि परत आल्यावर 'काय सुरेख मुलूख' असें म्हणून आपण मोकळे होतों. या खेपेस आम्ही उभयतां मुद्दाम मार्गशीर्षांत गेलों. सण सरलेले, मोहोर अजून यावयाचा, मुंबईकर आणि पुणेकर केव्हांच परतलेले. अशा वेळीं गांवांत मागें कोण राहतें तें पाहावें, एवढाच हेतु होता.

दापोली सोडून गाडी आसूदचा उतार उतरूं लागली, कीं हवा पालटते. थंड कोरड्या वाऱ्याच्या जागीं खारट, दमट वारा येतो. मग मुरूड, हर्णै, आंजर्लें, आडें, केळशी अशी समुद्राच्या कडेकडेनें गांवांची माळच लागते. तांबडी वाट, दोहों बाजूंस चिऱ्यांचे गडगे, गडग्यांपलीकडे नारळी-पोफळींचीं आगरें आणि आगराच्या पोटांत दडलेलें कौलारू घर. पाखाडीवरून चालूं लागलें म्हणजे पहिल्या घरास कुलूप, दुसऱ्या घरास कुलूप. तिसऱ्याच्या ओटीवर एक म्हातारें माणूस बसलेलें. पावलें वाजलीं कीं तें मान वर करतें, आणि ओळख नसतांहि विचारतें, "कोण? कोणांपैकीं आपण?"

हा आमच्या मनाचा खेळ नव्हे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६,९६,७७७ होती; २०११ च्या खानेसुमारींत ती १६,१५,०६९ भरली. सारा देश वाढत असतां हा जिल्हा एक्याऐंशी हजारांहून अधिक माणसांनीं घटला. शेजारच्या सिंधुदुर्गाचीहि तीच गत. मुंबईच्या गिरण्या बोलावीत होत्या तेव्हां माणूस एकटा जाई व मनिऑर्डर पाठवी. आतां तो कुटुंबासह पुण्यास जातो, त्याचा मुलगा अमेरिकेस जातो, आणि पैसे बँकेंत आपोआप जमा होतात. मनिऑर्डरीबरोबर निदान पोस्टमन तरी ओटीवर टेकत असे.

मुरूड हें महर्षि कर्व्यांचें गांव. तेथें त्यांचें स्मारक आहे. १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं विवाह केला, तेव्हां याच मुरूडानें त्यांजवर बहिष्कार घातला होता, हें तेथें उभें राहून आठवणें बरें. कारण वार्धक्याची गोष्ट निघाली कीं आपल्यांतील पुष्कळ जण जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊं लागतात. तीस पानांच्या पंक्ती उठणाऱ्या त्या घरांत कोणी एकटें नसे, हें बोलणें आम्हांस पटत नाहीं. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत आलवण नेसून बसलेली म्हातारी घरांतील प्रत्येकाचें ऐकत होती. तिचें कोण ऐकत होतें? एका छपराखालीं राहणें निराळें आणि कोणीं आपलें म्हणणें ऐकणें निराळें.

आतां ज्या गांवीं आम्ही चार दिवस राहिलों, त्याचें नांव सांगत नाहीं. एकट्या म्हाताऱ्या माणसांचीं घरें कोठें आहेत हें छापून जाहीर करणें शहाणपणाचें नव्हे. आंजर्लें आणि केळशी यांच्या दरम्यानचें एक लहानसें गांव, एवढें पुरे.

आमची उतरण्याची सोय एका आजींकडे झाली होती. वय ब्याऐंशी, कान थोडे जड, हात मात्र अजून सुपारी फोडतांना चुकत नाहींत. मुलगा पुण्यास. तो वाईट नाहीं. नेमानें पैसे पाठवितो, औषधें पाठवितो, आणि आईची काळजी म्हणून ओटीच्या वाशावर त्यानें एक कॅमेरा बसविला आहे. संध्याकाळीं आजींनीं तुळशीपुढें दिवा लावला आणि परत येऊन त्या कॅमेऱ्याखालीं क्षणभर तोंड वर करून उभ्या राहिल्या. आमच्या मंडळींनीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "अगो, तो कामांतून पाहतो कधीं कधीं. तोंड दिसलं म्हणजे त्याला बरं वाटतं." रात्रीं फोनहि आला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार लावलंस का, हे तीन प्रश्न झाले व फोन संपला. तिन्ही प्रश्न मायेचे होते, पण त्यांतील एकाचेंहि उत्तर दोन शब्दांहून मोठें होऊं शकत नव्हतें.

पूर्वींच्या गांवांत ऐकण्यासाठीं म्हणून कोणी कोणाकडे जात नसे. काम त्यांना जवळ आणी. आगराच्या शिपण्याची पाळी, विहिरीवरचा रहाट, देवळांतील पूजेची पाळी, सुपाऱ्या सोलावयास जमलेल्या बायका, पापडांचे घाट... या साऱ्यांत तोंडें आपोआप चालत. पंप आला, नळ आला, सोललेली सुपारी व्यापारी घेऊन जाऊं लागला. कष्ट गेले हें फार चांगलें झालें, आणि तो रहाट परत यावा असें ज्यास वाटतें त्यानें तो एक दिवस ओढून पाहावा. परंतु कष्टांबरोबर जी बैठक गेली, तिच्या जागीं दुसरें कांहीं आपण ठेवलें नाहीं.

या गांवास जाग आली ती एका संकटानें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास लागलें, आणि दापोली-मंडणगडच्या आगरांची त्यानें धूळधाण केली. पिढ्यान् पिढ्यांच्या पोफळी काड्या मोडाव्या तशा मोडून पडल्या, घरांचे पत्रे आणि कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले. फोन मुके झाले आणि तो कॅमेराहि अर्थातच आंधळा झाला. महासाथीमुळें प्रवासावर निर्बंध. पुण्यामुंबईचीं मुलें तळमळत बसलीं, पण येऊं शकलीं नाहींत. त्या रात्रीं आजींच्या घरांत शिरलेलें पाणी उपसलें तें खालच्या वाडींतल्या एका रिक्षावाल्यानें व त्याच्या बायकोनें.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्या वाडींतून ही माणसें आलीं, तेथल्या लोकांस दोन पिढ्यांपूर्वीं याच ओटीवर पाय ठेवूं दिला जात नव्हता. अंगणांतूनच बोलावयाचें, असा शिरस्ता होता. आजींनीं ही गोष्ट स्वतः होऊन काढली, आणि त्या रिक्षावाल्याच्या समोरच काढली. तो नुसता हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

वादळानंतर पंचनामे सुरू झाले आणि कोणाच्या आगरांत किती झाडें होतीं, हद्दीचा दगड कोठें होता, हें सांगणारीं माणसें हवीं झालीं. मालक परगांवीं, कागद भिजलेले. तेव्हां ओटीवरच्या म्हाताऱ्यांचा शोध सुरू झाला. त्यांस झाडन् झाड आठवत होतें. कोणतें माड कोणाच्या मुंजीच्या वर्षीं लावलें, तेथपर्यंत! महिनाभर त्यांच्या ओट्यांवर माणसांची ये-जा चालली, आणि काम संपल्यावर ती थांबूं द्यावयाची नाहीं असें गांवांतील पांच-सहा जणांनीं ठरविलें. शाळेंतून निवृत्त झालेले एक गुरुजी, तो रिक्षावाला, आशा सेविका, रेशनच्या दुकानांतील एक मुलगी आणि पोस्टमन. एकटीं माणसें राहतात अशीं अकरा घरें त्यांनीं वांटून घेतलीं. ठरलेल्या वारीं ठरलेलें माणूस जातें. मंडळ नाहीं, वर्गणी नाहीं, फलक नाहीं.

रिक्षावाल्यानें आम्हांस सांगितलें तें त्याच्याच शब्दांत देतों. "पहिल्या पहिल्यानं आम्ही विचारायचों, 'काकू, कांहीं हवं का?' त्या म्हणायच्या, 'कांहीं नको बाबा.' झालं, पांच मिनिटांत भेट संपे. मग एकदां बायकोला सांदणांचं प्रमाण हवं होतं, म्हणून विचारलं. तर दोन तास उठूं दिलं नाहीं!" तेव्हांपासून रिकाम्या हातानें गेलें तरी चालेल, पण प्रश्नावांचून जावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम झाला आहे. गुरुजींनीं आणखी एक पथ्य घालून दिलें आहे. ओटीवर जें ऐकलें तें पाखाडीवर आणावयाचें नाहीं. सुनेचें गाऱ्हाणें ऐकून घ्यावें, मान डोलवावी; पण तें पुण्यास फोनवरून कळवूं नये. एकच गोष्ट दहाव्यांदां सांगितली तरी 'हें माहीत आहे' म्हणूं नये. कान जड असलेल्याशीं ओरडून बोलूं नये. समोर, उजेडांत बसून सावकाश बोलावें. उभ्या उभ्या तर मुळींच बोलूं नये. घड्याळाकडे पाहणारें माणूस म्हाताऱ्यांस लांबून ओळखतां येतें.

सर्वत्र यश आलें असें नाहीं. गांवाच्या टोकास एक गृहस्थ राहतात. ते कोणास पायरी चढूं देत नाहींत. रेशनच्या दुकानांतील मुलगी दर गुरुवारीं त्यांच्या गडग्यावर आठवड्याचीं वर्तमानपत्रें ठेवते आणि मागील नेते. दोन वर्षें झालीं, बोलणें नाहीं. अलीकडे मागील अंकांतील शब्दकोडीं सोडविलेलीं आढळतात, आणि एक-दोन घरें मुद्दाम रिकामीं ठेवलेलीं असतात. तीं भरून ती मुलगी अंक परत ठेवते.

पुढें आम्ही वेळासला गेलों. नाना फडणिसांचें हें गांव हल्लीं कांसवांसाठीं प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं येथें समुद्रकांसवांच्या अंड्यांचें रक्षण सुरू केलें, आणि पिलें समुद्रांत जातांना पाहावयास लोक येऊं लागले. गांवांत हॉटेलें नव्हतीं, म्हणून पाहुणे घरोघर उतरूं लागले. उकडीचे मोदक आणि सोलकढी यांबरोबर त्यांस घरांतील आजीआजोबांच्या गोष्टीहि मिळतात, आणि परके लोक प्रश्न फार विचारतात, हा त्यांचा मोठा गुण. ही सोय आम्हांस आवडली. तरी ती हंगामी आहे. पिलांचे दिवस फाल्गुन-चैत्राच्या सुमाराचे. पुढें पावसाळ्याचे चार महिने ओटीवर पागोळ्यांखेरीज कोणी बोलत नाहीं.

आईबापांच्या व ज्येष्ठांच्या चरितार्थासाठीं २००७ सालीं कायदा झाला आहे. त्यान्वयें मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागतां येतो. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांस फोन करून मदत मागतां येते. शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रें आहेत, आणि तीं उत्तम काम करतात. पण चालतां येणाऱ्यालाच विरंगुळा केंद्रांत जातां येतें, आणि फोन लावणाराला आपण एकटे आहों हें आधीं कबूल करावें लागतें. आमच्या आजी तें कधींहि कबूल करणार नाहींत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें त्या किनाऱ्यावर आहेत, त्यांनीं आज रात्रींच्या फोनवर गोळीची चौकशी जरूर करावी. पण त्याआधीं आगरांतील विहीर कोणीं खणली, किंवा आत्याचें लग्न कोणत्या सालीं झालें, तें एकदां विचारावें. आणि शेजारच्या वाडींतील जो कोणी त्यांच्याकडे जातो, त्याचें नांव आपणांस ठाऊक आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें.

वादळांत आजींच्या आगरांतील साठ पोफळी गेल्या. पोफळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. तरी त्यांनीं त्याच पावसाळ्यांत रोपें लावलीं, आणि तीं आतां माणसाच्या डोक्यावर गेलीं आहेत. निघतांना त्यांनीं आम्हांस सर्व रोपें एकेक करून दाखविलीं. मग म्हणाल्या, "आतां पुन्हा याल ते आंब्यालाच याल. तेव्हां नका येऊं, तेव्हां घर भरलेलं असतं. आषाढांत या."

आषाढांत वाट निसरडी असते, एस. टी. कधीं येते तर कधीं येत नाहीं, आणि समुद्र पाहण्यासारखा नसतो. आम्हीं एकादशीनंतरचे आठ दिवस ठरवून ठेवले आहेत. आमच्या मंडळींस सुपारी फोडावयास शिकावयाचें आहे, आणि अडकित्ता आणूं नका, घरांत चार आहेत, असा आजींचा निरोप पोस्टमनच्या फोनवरून परवांच आला.