घरच्या चित्रफिती

जुन्या लुगड्याची गोधडी करावयाची झाली म्हणजे घरांतील बायका प्रथम कोणता तुकडा ठेवावयाचा व कोणता टाकावयाचा तें ठरवितात. कातर मागाहून चालते. संगणकांतील घरगुती चित्रफिती जालावर पाठविण्याजोग्या करतांना मात्र बहुतेक घरांतून कातर अगोदर चालते आणि विचार मागाहून होतो.

आमच्या घरीं २००३ सालच्या एका मुंजीची फीत आहे. लहान डीव्ही कॅसेटवर घेतलेली ही फीत पुढें संगणकांत उतरविली गेली. अशा फितीचा एक तास सुमारें १३ जीबी जागा अडवितो. परदेशीं राहणाऱ्या मुलांनीं ती पाहावी ही सर्वांची इच्छा. परंतु ब्राउझर ती उघडीत नाहीं, आणि एवढें ओझें पाठवावयाचें तरी कसें?

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. एव्हीआय, एमपी-फोर, वेबएम हीं नांवें डब्यांचीं आहेत. आंतील जिन्नस निराळा. चित्र ज्या रीतीनें आटवून सांठविलें जातें तिला कोडेक म्हणतात. फाइलीच्या नांवाची शेवटचीं अक्षरें बदलून कांहींच साधत नाहीं. डब्यावरची चिठ्ठी बदलल्यानें आंतल्या डाळीचे तांदूळ होत नाहींत. आजच्या बहुतेक ब्राउझरांस व फोनांस एमपी-फोरच्या डब्यांतील एच.२६४ हा कोडेक मानवतो. तोहि योगायोगानें २००३ सालचाच. हें रूपांतर करणारीं हँडब्रेक व एफएफएमपेग हीं साधनें फुकट मिळतात.

जुन्या फितींस आणखी दोन उपचार लागतात. आपल्याकडील कॅमेरे सेकंदास २५ चित्रें घेत, पण प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्धकांत विभागलेलें असे. तें तसेंच ठेविलें तर धांवणाऱ्या मुलाच्या कडांस फणीचे दांत फुटतात. म्हणून तीं अर्धकें रूपांतराच्या वेळींच जुळवून घ्यावीं. दुसरें, एमपी-फोरची अनुक्रमणिका पुष्कळदां फाइलीच्या शेवटीं असते. ती आरंभीं आणली म्हणजे सर्व फीत उतरण्याची वाट न पाहतां चित्र सुरू होतें.

पण खरा प्रश्न याहून निराळा आहे. एच.२६४ मधून मधून एक पूर्ण चित्र ठेवतो व एरव्हीं केवळ फरक टिपतो. आणि डोळ्यास ज्याची उणीव भासणार नाहीं असें त्यास वाटतें तें टाकून देतो. एकदां टाकलें तें परत येत नाहीं. ताडून पाहण्यासाठीं आम्हीं तीच फीत दोन प्रमाणांनीं आटविली: सेकंदास २ मेगाबिट, म्हणजे तासास सुमारें ९०० एमबी, आणि त्याच्या चौथाईनें. दोहोंतहि मुंजमुलाचें तोंड ओळखतां येत होतें. परंतु माजघराच्या दारांत, जेथें उजेड पोंचत नव्हता तेथें, आमची आत्या उभी आहे. ती आतां नाहीं, आणि तिचें हालतें चित्र दुसरें कोठें नाहीं. मोठ्या प्रतींत ती पदरानें डोळे टिपते. लहान प्रतींत तेथें केवळ काळे चौकोन सरकतात. यंत्राच्या हिशेबीं तो कोपरा रिकामा होता.

यास्तव जालावरची प्रत ही पाहुण्यांपुढें ठेवण्याची प्रत समजावी. मूळ फीत पुसूं नये, व ती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी. ज्यांनीं आपल्या फिती फ्लॅशसाठीं आटवून मूळ पुसल्या, त्यांस ३१ डिसेंबर २०२० रोजीं फ्लॅशचा आधार संपल्यावर त्या क्षीण प्रतींवरूनच पुन्हां रूपांतर करणें भाग पडलें. म्हणजे घटलेलें आणखी घटविलें.

आणखी एक सुचवावेंसें वाटतें. आंकड्यांचें काम घरांतील तरुणांनीं खुशाल करावें. परंतु तयार प्रत तपासावयास वडील मंडळींस शेजारीं बसवावें. कोणत्या कोपऱ्यांत कोण उभें आहे, हें कोणत्याहि कोडेकास कळत नाहीं; आणि ज्यांस तें ठाऊक आहे, तीं माणसेंहि घरांत कायमचीं नसतात.