मत नको, हात दाखवा

सदाशिव पेठेत मतांचा तुटवडा कधीच नव्हता. नागनाथ पारापासून पेरूगेटपर्यंत नुसतं चालत गेलं, तरी महापालिका, मराठी रंगभूमी, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि आजच्या बाकरवडीचा खुसखुशीतपणा या सगळ्यांवर निकाल कानावर पडतात, तेही न मागता. माझ्या व्यवसायाची पंचाईत अशी, की मला यातलं काहीच नको असतं. मी युजेबिलिटी टेस्टिंग करते. एखादं अ‍ॅप, बँकेची वेबसाइट किंवा अर्जाचं पान बाजारात येण्याआधी (दुर्दैवाने पुष्कळदा आल्यानंतर) ते ज्याला वापरायचं आहे त्याच्या हातात द्यायचं, एक काम सांगायचं आणि शेजारी गप्प बसायचं. माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याचं बोट कुठे जातं, कुठे थबकतं आणि कुठून मागे फिरतं, हे टिपायचं.

मताचा आणि हाताचा मेळ बसतोच असं नाही. चार चुकीच्या पडद्यांवरून भटकून, शेवटी नातवाला हाक मारून काम उरकलेल्या आजी म्हणतात, "सोपं आहे हो, छान केलंय तुम्ही." तेच काम पटकन संपवणारे निवृत्त अधिकारी म्हणतात, "अगदी भिकार. रंग बघा कसला घेतलाय!" या दोन अभिप्रायांची सरासरी काढून कंपनीला दिली तर ती आनंदाने रंग बदलेल, आणि आजी होत्या तिथेच अडकलेल्या राहतील.

तोंडावर वाईट न बोलण्याच्या आपल्या सवयीवर मुंबईच्या अपला लाहिरी चव्हाण यांनी एक नामी तोड काढली होती. ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या संस्थेत काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की परदेशी पाठ्यपुस्तकातली चाचणी इथे चालत नाही, कारण समोरचा माणूस पाहुण्यासारखा वागतो. मग त्यांनी काम सांगण्याऐवजी हिंदी सिनेमाला शोभेल असं संकट सांगायला सुरुवात केली. तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय, नवरामुलगा आधीच विवाहित आणि वर गुंड निघाला, ताबडतोब तिकीट काढून लग्न थांबवायला जायचंय. हं, करा आरक्षण! भाचीच्या काळजीपोटी माणूस सभ्यता विसरतो आणि वेबसाइटला मनापासून शिव्या घालतो. या पद्धतीला बॉलिवूड मेथड असंच नाव पडलं.

सदाशिव पेठेत भाचीची गरज नाही. इथे शिव्या फुकट मिळतात. इथली अडचण वेगळी आहे: "मला समजलं नाही" हे वाक्य इथल्या तोंडातून निघत नाही. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस अडला की म्हणतो, "हे चुकीचं लिहिलंय." आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते चुकीचंच लिहिलेलं असतं. आमचा दंडक असा, की मदत करायची नाही. "आता हे दाबू का?" असं विचारलं तर उलट विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" या पेठेत हा प्रश्न उद्धटपणात जमा होतो. "मला वाटून काय उपयोग? तुम्हाला विचारतोय ना मी!" असं ऐकून घेऊनही हसतमुख गप्प राहणं, हे आमच्या शिक्षणातलं सर्वांत अवघड प्रकरण.

नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या या पेठेतला परीक्षेचा महिना, कारण हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभं राहावं लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू केली. पण बोटाच्या ठशावर चालणाऱ्या यंत्राला वयाचा हिशेब कुठून असणार? म्हातारपणी कातडी पातळ होते, रेषा झिजतात, माणूस समोर बसलेला असतो आणि यंत्र त्याला ओळखत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, ती या दृष्टीने मोठी सुधारणा. यंत्राला हवं तसं शरीर मागण्याऐवजी आहे त्या शरीराला चालेल असं यंत्र करायचं, माझ्या विषयाचा गाभा एवढाच. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस या आयबीएमच्या दोघांनी १९८५ मध्येच तो मांडून ठेवलाय: वापरणाऱ्यांकडे सुरुवातीपासून लक्ष द्या, त्यांना वापरायला लावून मोजमाप करा, दिसलेल्या चुका सुधारून पुन्हा तपासा. त्यांनी हेही नोंदवलं, की तत्त्वं ऐकून सगळे माना डोलावतात, प्रत्यक्षात फार थोडे ती पाळतात. चाळीस वर्षांनी त्यात मी शब्दही बदलणार नाही.

आता एक ओटीपी जवळून पाहू. अठ्ठ्याहत्तरीच्या निवृत्त शिक्षिका, फोन मुलाने दिलेला, अक्षरं मोठी करून ठेवलेली. बँकेचं अ‍ॅप सहा आकडे मागतं. फोन टुणकन वाजतो, वर एक पट्टी उतरते, मोठ्या अक्षरांमुळे तिच्यात संदेशाचं पहिलंच वाक्य मावतं आणि आकडे खाली राहतात. बाई चष्मा सारखा करेपर्यंत पट्टी गायब. त्या अ‍ॅपमधून बाहेर पडून मेसेज उघडतात, आकडे मोठ्याने म्हणतात, परत येतात. अ‍ॅप मात्र पहिल्या पानावर गेलेलं असतं: सुरक्षेसाठी. दुसऱ्या खेपेला त्या पेन घेतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात आकडे लिहून ठेवतात. तोवर वेळ संपते. तिसऱ्या खेपेला संदेशात दोन ओटीपी एकाखाली एक दिसतात आणि त्या वरचा, म्हणजे जुना, टाकतात. पडद्यावर उमटतं: 'काहीतरी चुकलं.' बाई माझ्याकडे बघून म्हणतात, "माझंच काहीतरी चुकलं."

नाही, बाई, तुमचं नाही चुकलं. संदेशात आकडे पहिल्या शब्दाला आणले, मेसेज बघून परत आल्यावर अ‍ॅप होतं तिथेच राहिलं, आणि 'हा आधीचा ओटीपी आहे, नवीन टाका' एवढं लिहिलं, तर हे सगळं टळतं. युजेबिलिटीचे अभ्यासक जाकोब नील्सन यांच्या प्रसिद्ध दहा निकषांपैकी एक, चूक झाली असं सांगणाऱ्या सूचनांबद्दल आहे: साध्या भाषेत सांगा, नेमकं काय बिघडलं ते सांगा आणि पुढे काय करायचं तेही सांगा. आपल्या पुणेरी पाट्या पहिल्या दोन कसोट्यांना शंभर टक्के उतरतात, तिसरीला त्यांच्या पद्धतीने. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये असं लिहिणाऱ्याने बेल वाजवणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण केलेलं असतं. 'काहीतरी चुकलं' असं लिहिणाऱ्याने कोणालाच पाहिलेलं नसतं.

याच पेठेत दुसरी एक वस्ती आहे, कॉट बेसिसवर राहणाऱ्या, एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली, दिवसभर अभ्यासिकेत, बोटं फोनवर विजेसारखी चालणारी. अर्ज भरायची वेळ आली की हीच मुलं पैसे मोजून झेरॉक्सच्या दुकानात जातात. फोटो केबीत बसत नाही, सही आडवी पडते, जातीच्या दाखल्याचा क्रमांक कुठला घालायचा ते कळत नाही. पण खरं कारण भीतीचं. सबमिट दाबल्यावर चूक निघाली तर वर्ष जाईल. झेरॉक्सवाला शेकडो अर्ज भरून तयार झालेला असतो आणि कुठला रकाना कुठे चकवतो हे त्याला पाठ असतं. अर्जाचं पान बनवणाऱ्यांनी अशा एका दुकानात दिवसभर स्टूल टाकून बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. (घ्या, मीही पेठेतलीच.) पुष्कळ आराखड्यांत हा मध्यस्थ धरलेलाच नसतो, 'युजर' म्हणून एकटा माणूस कल्पिलेला असतो, त्याचा स्वतःचा फोन, स्वतःचा ईमेल आणि भरपूर निवांतपणा.

पत्त्याचा रकाना हा आणखी एक नमुना. 'स्ट्रीट' भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारे अर्ज अजून आहेत. इथला पत्ता म्हणजे घरनंबर, सदाशिव पेठ, अमक्याच्या जवळ, पुणे ४११०३०. तो पोस्टमनला पुरतो, अर्जाला पुरत नाही. मग कोणी रस्त्याच्या जागी पेठेचं नाव पुन्हा लिहितो, कोणी नुसतं टिंब देऊन सुटतो.

लोकांना आधीपासून काय येतं हे पाहून घडवलेली चीज कशी होते, याचं आपल्या भाषेतलं चांगलं उदाहरण म्हणजे स्वरचक्र. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातले प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणलेला हा अँड्रॉइडवरचा कळफलक. त्याआधी २००४ च्या सुमारास त्यांनी 'कीलेख' या कळफलकावर काम केलं होतं, तोही वर्णमालेच्या रचनेवर बेतलेला. स्वरचक्रात 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हवं तिकडे बोट सरकवून उचलायचं. इंग्रजी टायपिंगची गरज नाही, पहिलीतली बाराखडी पुरते.

कंपन्या मला दोन कारणं सांगतात: वेळ नाही, पैसा नाही. नील्सन आणि थॉमस लॅन्डावर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो, पाच माणसं सुमारे ८५ टक्के. म्हणून नील्सनचा सल्ला असा, की पंधरा जणांची एकच मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन करा आणि प्रत्येकीनंतर दुरुस्ती करा. अट एकच: वापरणारे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं वेगळी बसवायची. पेन्शनर बाई आणि अभ्यासिकेतला मुलगा एकमेकांच्या वतीने उत्तरं देऊ शकत नाहीत. ऑफिसातलेच पाच इंजिनिअर बसवले, तर ते पाच धरायचेच नाहीत.

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याचे दिवस येतात. घरातली कोणी वडीलधारी व्यक्ती फोन घेऊन बसली, तर "द्या इकडे, मी करतो" म्हणून तो काढून घेऊ नका. शेजारी बसा, पहिली काही मिनिटं बोलू नका आणि बोट कुठे अडतं ते बघा. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा, 'इथे माझ्या आईला पुढे काय करायचं ते कळलं नाही' एवढं मराठीत लिहा आणि त्या बँकेच्या किंवा खात्याच्या तक्रार विभागाला पाठवा. मग हवं तर फोन हातात घ्या आणि दाखला पुरा करून द्या. मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत असते.