जुगाड हवाच, पण ब्रेकमध्ये नको!

गिअर बिघडला की आपण हळू जातो. टायर बसला की चालत जातो. पण ब्रेक गेला की? आपण थांबतच नाही, बॉस! म्हणूनच सायकलच्या बाकी सगळ्या दुरुस्त्यांना जो ‘बघू, करू, जमेल’चा फंडा चालतो, तो ब्रेकला लावायचा की नाही, हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यात पडला. आणि पडला कुठे? ना कोथरूडला, ना बाणेरला. थेट पोखर्णीत.

पोखर्णी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं नृसिंहाच्या देवळाचं गाव. परभणीहून गंगाखेडकडे निघालं की लागतं. आमचं घर तिथलं. महिनाभर लॅपटॉप घेऊन गावाकडून काम करायचं ठरलं, तेव्हा सायकलही सोबत नेली. डिस्क ब्रेकवाली, हायड्रॉलिक. आठवड्याभरात उंदरांनी पुढच्या ब्रेकची नळी कुरतडली. तेल फोर्कवरून ओघळून गेलं आणि लिव्हर थेट हँडलला टेकायला लागला.

काका म्हणाले, “मागचा ब्रेक हाय की! चालव तसंच.”

प्रॉब्लेम असा की ब्रेक मारला की अंगाचं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. त्यात हंगामात गंगाखेड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात. दोन-दोन जोडलेल्या, कित्येकदा मागे लाल दिवा नसलेल्या. आणि सायकलवर डोळा ठेवून बसलेला माझा चौदा वर्षांचा पुतण्या रोज विचारायचा, “काका, कधी देणार चालवायला?” म्हणजे विषय फक्त माझ्या वीकेंड राइडचा नव्हता.

आता हायड्रॉलिक ब्रेक म्हणजे नेमकं काय? तारेच्या ब्रेकमध्ये लिव्हर दाबला की तार ओढली जाते. इथे तारेऐवजी नळीत तेल असतं. लिव्हरमधला छोटा पिस्टन तेल ढकलतो आणि चाकापाशी कॅलिपरमधले मोठे पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतात. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम, बस्स! समजा लिव्हरचा पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा २२ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ जवळपास पाचपट, म्हणजे जोरही तितकाच वाढला. जर्मनीच्या मागुरा कंपनीनं १९८७ मध्ये सायकलच्या रिमवर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक आणला. डिस्कवाले नंतर रुळले. आमच्याकडच्या काळ्या मातीला तर डिस्कच बरी. पावसाळ्यात शेतरस्त्यावर रिमला चिखलाचा थर बसतो आणि रबरी ब्रेक नुसता घासत राहतो. डिस्क चाकाच्या मधोमध असते, त्यामानानं स्वच्छ राहते.

सगळ्यात आधी सुचला तो जुगाड. छिद्र बारीकच आहे, एम-सील लावून टेप गुंडाळू? मग कागदावर हिशेब मांडला. बोटांनी पाच किलोचा जोर दिला आणि लिव्हरनं तो चौपट केला असं धरलं, तर १० मिलिमीटरच्या पिस्टनवर वीस किलो येतात. म्हणजे नळीत मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त दाब! एम-सील घरात उभा राहून दोन-चारदा टिकेलही. पण ट्रॉलीच्या मागे करकचून ब्रेक मारायची वेळ आली, तर नेमका तेव्हाच सुटेल. नळी बदलायचीच, हे नक्की झालं.

परभणीत मोटारसायकलचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीला गाठलं. डिस्क ब्रेकवाल्या गाड्या त्याच्या हाताखालून रोज जातात. ट्रॅक्टरची हायड्रॉलिक नळी हवी तर प्रेस मारून बनवून मिळते, हेही त्यानं सांगितलं. पण सायकलची एवढी बारीक नळी त्याच्याकडे नव्हती. “तेल मात्र हाय दादा. डॉट फोर. भरून देतो.”

थांबा! खरा घोटाळा इथेच होतो. सायकलच्या ब्रेकमध्ये दोन जातींची तेलं चालतात आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल. होप आणि श्रामच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डॉट, म्हणजे मोटारसायकलवालं. श्रामच्या अलीकडच्या काही मॉडेलमध्ये पुन्हा मिनरल. मिनरलवाल्या ब्रेकमध्ये डॉट ओतलं की आतली रबरी सीलं फुगतात, खराब होतात. आणि गंमत म्हणजे पहिल्या दिवशी ब्रेक झकास लागतो! मी मिस्त्रीला लिव्हरच्या झाकणावरची अक्षरं दाखवली. फक्त मिनरल ऑइल. त्यानं बाटली परत फळीवर ठेवली. “मग नाही टाकत. ब्रेकचं काम हाय.” त्या एका वाक्यासाठी माणूस मला जाम आवडला. वर म्हणाला, व्हाइस लागला तर कधीही या.

सामान ऑनलाइन मागवलं. आपल्याच मॉडेलची नळी, नवं ऑलिव्ह, नवं इन्सर्ट, मिनरल ऑइलची बाटली. पार्सल परभणीपर्यंत आलं आणि चुलतभावानं गावी येताना आणलं.

रविवारी अंगणात पोतं अंथरून बसलो. आधी चाक काढलं, मग पॅड काढून लांब कागदात गुंडाळून ठेवले. पॅडला किंवा डिस्कला तेलाचं बोट लागलं तरी ब्रेक ओरडतो आणि पकडत नाही. पॅडच्या जागी प्लास्टिकचा ठोकळा घातला, म्हणजे पिस्टन बाहेर येत नाहीत. नव्या नळीच्या कॅलिपरकडच्या टोकाला जोड आधीच बसवलेला होता. तो बोल्ट आणि दोन रबरी रिंगांनी घट्ट केला. दुसरं टोक जुन्या नळीला लावून मापलं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं आणि मगच नव्या ब्लेडनं सरळ काटकोनात कापलं.

आता क्रम महत्त्वाचा. नळीवर आधी रबरी टोपी, मग नट, मग ऑलिव्ह. ऑलिव्ह म्हणजे बारीकशी धातूची रिंग. शेवटी नळीच्या तोंडात इन्सर्ट, म्हणजे पोकळ खिळ्यासारखा तुकडा, सरळ ठोकून बसवायचा. नट आवळला की ऑलिव्ह चेपून नळीला कायमचं आवळतं. म्हणूनच ते एकदाच वापरायचं. जुनं ऑलिव्ह पुन्हा लावणं म्हणजे एकदा फोडलेलं सील पुन्हा चिकटवणं!

जुगाडाला खरा स्कोप आला तो हत्यारांमध्ये. नळी पकडायला लाकडाचे दोन तुकडे, मध्ये अर्ध्या-अर्ध्या खाचा पाडलेले. तेल भरायला मेडिकलमधून आणलेली नवी सिरिंज आणि सलाइनची नळी. लिव्हरवर नरसाळं म्हणून दुसऱ्या सिरिंजचं कापलेलं नळकांडं, दोऱ्याची चक्ती करून घट्ट बसवलेलं.

काका खुर्ची ओढून बसले. “आता काय करायलास?”

मी ब्लीडिंग, सिस्टिम, एअर बबल वगैरे समजवायला लागलो. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे हवा धरली म्हण की! डिझेल इंजनाच्या पाइपात हवा धरली की एअर काढावीच लागती. त्याबिगर इंजन चालू होतंय का?”

सॉलिड! मी ज्यासाठी रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत होतो, ते या माणसानं विहिरीवर आयुष्यभर केलं होतं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर तुमचा जोर पॅडपर्यंत पोचण्याआधी त्या बुडबुड्यातच मुरतो. लिव्हर स्पंजसारखा लागतो. हवा वर चढते, म्हणून तेल खालून, कॅलिपरच्या बाजूनं ढकलायचं. मी सिरिंज दाबत होतो, पुतण्या नरसाळ्यात बुडबुडे मोजत होता आणि काका स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं नळीवर टिचक्या मारत होते. कुणी सांगितलं नव्हतं. इंजनाच्या सवयीनंच! बुडबुडे थांबले, तसं खालचं निपल बंद केलं. लिव्हर दाबला. कडक!

लगेच चालवली नाही. लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधला आणि सगळे जोड टिश्यू पेपरनं पुसून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी कागद पुन्हा फिरवला. कोरडा. मग चाक, पॅड आणि अंगणात हळूहळू वीसेक ब्रेक, पॅड आणि डिस्कची ओळख व्हावी म्हणून. पुतण्याला सायकल मिळाली ती त्यानंतर, आणि पहिले काही दिवस फक्त देवळापर्यंत.

या सगळ्यातून मला एक सोप्पा फंडा सापडला. आपण शहरातले लोक एक तर जुगाडाला नाकं मुरडतो, नाही तर त्याचं भलतंच कौतुक करतो. खरं तर प्रश्न एवढाच असतो, की जुगाड काम संपल्यावर कुठे राहणार? लाकडाचे तुकडे, सिरिंज, सलाइनची नळी ही काम झालं की बाजूला होतात. बिघडली तर फार तर तुमचा रविवार जाईल. पण तेल, ऑलिव्ह, नळी ही ब्रेकच्या आतच राहतात. तिथे जे लिहिलंय तेच घालायचं. मिळेपर्यंत सायकल उभी ठेवायची. पाच दिवस वाट बघितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

आणि हो, हायड्रॉलिकचं काम घरी करायची भीती वाटत असेल तर गावाकडे फोन लावा. एअर कशी काढायची, हे सांगणारं कुणी ना कुणी तिथे नक्की भेटेल!