मुलाखत घेणारीचे कान

क्षयातून बरा झालेला माणूस माझ्यासमोर येऊन बसला, की बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : "बाई, ऐकू येतं, पण कळत नाही." सोबत आलेला मुलगा किंवा सून त्याला लगेच खोडते. "सगळं ऐकू येतं ओ यांना. देवळातली घंटा येते, एसटीचा आवाज येतो. आपण बोललो की मात्र काय, काय करतात. लक्षच नसतं." रायगड जिल्ह्यातल्या पालीत कान तपासायला बसले की हा वाद मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि त्यात दोन्ही पक्ष खरं बोलत असतात.

बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी आहे, असं सांगतात. तिचा घुमणारा नाद खालच्या पट्टीतला. क्षयाच्या जुन्या इंजेक्शनांनी कान गेलेल्या माणसाला तो बहुधा ऐकू येतोच. जातात ते वरच्या पट्टीतले आवाज, आणि माणसाच्या बोलण्यातला अर्थ बराचसा तिथेच असतो. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, आवाजाने स्वरांपेक्षा क्षीण. 'स' तर बराचसा ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो गेला की 'साठ'चं 'आठ' होतं. साल, शाल, खाल, ताल यांतला फरक मिटतो. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळं घातलेला एक अवयव आहे, कॉक्लिया. प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केसपेशी. कंप पकडून मज्जातंतूकडे पोचवणं हे त्यांचं काम. कानामायसिन, अमिकासिन ही क्षयाच्या इंजेक्शनांतली औषधं या पेशींत शिरतात आणि तिथून लवकर बाहेर पडत नाहीत. आधी वरच्या पट्टीच्या पेशी मरतात, मग नुकसान खाली सरकत येतं. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनाचा मार ऐकण्याच्या भागापेक्षा तोल सांभाळणाऱ्या भागावर अधिक बसतो. दिवसा बरा चालणारा माणूस रात्री शेताच्या बांधावरून जाताना कलंडतो, आणि गावात त्याचा भलताच अर्थ लावला जातो.

नंदिता वेंकटेशनबद्दल मला लिहायचं आहे ते याच संदर्भात. ती मुंबईची पत्रकार. माणसांना प्रश्न विचारणं आणि त्यांची उत्तरं नीट ऐकणं हे जिचं काम, तिचेच कान औषधाने नेले. कॉलेजात असताना, २००७ साली, तिला आतड्याचा क्षय झाला. दीर्घ उपचारांनंतर ती बरी झाली. २०१३ मध्ये आजार उलटला. पोटाच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि औषधांत कानामायसिनची इंजेक्शनं आली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिची श्रवणशक्ती गेली. तेव्हा ती विशीत होती. भरतनाट्यमही शिकलेली होती, म्हणजे कानावर उभ्या असलेल्या दोन गोष्टी एकदम हातून निसटल्या. तरी ती पत्रकारितेत राहिली, आर्थिक वृत्तपत्रांत काम केलं आणि नृत्यासाठी पुन्हा मंचावर उभी राहिली.

अशा कहाण्या आपण 'जिद्द' म्हणून वाचतो आणि पान उलटतो. माझ्या पेशातल्या माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही. कान गेलेल्या माणसाला मुलाखत घेताना नेमकं काय करावं लागतं, ते एकदा बघा.

ओठ वाचणं ही मोठी विद्या आहे, पण अपुरी. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. पारा, बारा, मारा हे शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. क आणि ग तर ओठांवर दिसतच नाहीत, घशाशी घडतात. म्हणजे ओठ वाचणारी व्यक्ती बोलण्याचा काही भागच पाहत असते, उरलेला संदर्भावरून भरत असते. त्यासाठी विषयाची तयारी इतरांपेक्षा कितीतरी जास्त लागते. समोरचा काय बोलू शकेल याचा अंदाज नसेल तर ओठांवरचा शब्द ओळखता येत नाही. दोन तास हे करणं म्हणजे दोन तास एकाग्र राहून कोडं सोडवणं आहे. संध्याकाळी अशी माणसं थकून गप्प बसतात, त्याचं कारण हे.

फोनवरची मुलाखत सगळ्यांत अवघड. जुन्या टेलिफोनची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. म्हणजे 'स' आधीच कापला जातो, आणि चेहरा तर नसतोच. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा ओठ वाचून जगणाऱ्यांचा तो आधारही गेला. त्या काळात आमच्याकडची कितीतरी बहिरी माणसं दुकानात एकटी जाईनाशी झाली. आता बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी मोफत ॲप फोनवर मिळतात. आजोबांच्या हातात फोन देऊन मी त्यांच्या नातवाला बोलायला लावते, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की आजोबा ती मोठ्याने वाचतात. हे साधन पत्रकाराला जितकं हवं, तितकंच रेशन दुकानात उभ्या असलेल्या माणसालाही हवं.

नंदिताने पुढे जे केलं, त्याचं मोल मला तिच्या पुनरागमनाहून मोठं वाटतं. बेडाक्विलिन नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर ती चालते आणि कानाला धक्का लावत नाही. ती बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. औषधाच्या क्षाररूपावर आणखी एक पेटंट मिळालं असतं तर भारतातली मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. आपल्या पेटंट कायद्यात मंजुरीआधी कोणालाही आक्षेप घेता येतो. २०१९ मध्ये तो आक्षेप घेणाऱ्यांत नंदिता होती आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शाची फुमेझा टिसिले होती. फुमेझाचेही कान क्षयाच्या इंजेक्शनांनीच गेले होते. २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कान गमावलेल्या दोन तरुणींनी हा लढा दिला तो पुढच्या रुग्णांसाठी. त्यांच्या स्वतःच्या कानांना त्यातून काही मिळणार नव्हतं.

त्याआधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शनं वापरू नका असं सांगितलं. आता भर तोंडाने घ्यायच्या औषधांवर आहे, आणि २०२४ मध्ये भारताने सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यातही इंजेक्शन नाही. कानामायसिनचा शोध १९५७ चा. म्हणजे साठ वर्षं आपण एक जीव वाचवताना दुसरं काही हिरावून घेत होतो, आणि त्याला 'दुष्परिणाम' म्हणून सोडून देत होतो. कान वाचवणं हा उपचाराचाच भाग आहे, उपचार संपल्यावरची चैन नव्हे, हे माझं ठाम मत आहे. पत्रकार असो की गाडीवर ओरडून भाजी विकणारी बाई, कान गेले की पोटापाण्याचं साधन जातं. जीव वाचला ना, मग कानाचं काय घेऊन बसलात, हे वाक्य मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलं आहे. त्याचा मला आजही राग येतो.

पालीच्या सुधागड तालुक्यात कान वाचवणं आणखी अवघड होतं. इथल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. इंजेक्शन चालू असताना कानाची दरमहा तपासणी व्हायला हवी, पण रुग्ण एका तालुक्यात आणि त्याचा कागद दुसऱ्या तालुक्यात. दुसऱ्यांदा क्षय झालेल्यांना जुन्या सरकारी उपचारपद्धतीत दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शनं मिळत. ती घेतलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे कान इंजेक्शनाआधी कोणी तपासले नव्हते, नंतरही नाहीत. आधीची नोंदच नसेल, तर किती गेलं हे सांगणार कसं? घरचे म्हणतात वय झालं. काही वेळा ते खरंही असतं. पण चाळिशीतल्या माणसाचा आलेख वरच्या पट्टीत कड्यासारखा कोसळलेला दिसतो, तेव्हा वयावर ढकलून चालत नाही.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त तोटा असेल तरच श्रवणदोष धरला जातो. ज्याची फक्त वरची पट्टी गेली, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. खालच्या पट्टीत कान शाबूत असल्याने सरासरी बरी निघते. वर्गात, बैठकीत, बाजारात मात्र त्याचा रोजचा दिवस अडतो. हा निकष बदलायला हवा, असं आम्हा श्रवणतज्ज्ञांपैकी अनेकांना वाटतं.

नंदिताची गोष्ट मी इथल्या रुग्णांना सांगते, ती त्यांनी पत्रकार व्हावं म्हणून नव्हे. ऐकू न येणारी बाई प्रश्न विचारण्याचं काम करते, हे कळलं की त्यांच्या सुनांचा, मुलांचा सूर बदलतो. "यांना काय विचारायचं, यांना ऐकू येत नाही" असं म्हणणारा मुलगा बापासमोर, उजेडाकडे तोंड करून बसतो, सावकाश बोलतो. तपासणीच्या खोलीत मला याहून जास्त काही करता येत नाही. श्रवणयंत्र मदत करतं, पण ज्या पेशी मेल्या त्यांचा आवाज ते कितीही वाढवून परत आणू शकत नाही. कॉक्लियर इम्प्लांट मेलेल्या पेशी वगळून थेट मज्जातंतूला विजेचे संकेत देतं. फुमेझाला ते मिळालं. प्रौढांना परवडेल अशा किमतीत ते आपल्याकडे मिळत नाही, आणि सरकारी मदतीचा रोख मुख्यतः लहान मुलांवर आहे.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात कोणी पूर्वी क्षयाची इंजेक्शनं घेतली असतील आणि ते "ऐकू येतं, पण कळत नाही" म्हणत असतील, कानात सतत शिट्टी वाजते असं सांगत असतील, किंवा अंधारात त्यांचा तोल जात असेल, तर त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. अमिकासिन आजही काही रुग्णांना द्यावं लागतं. कोणाला ते सुरू होणार असेल, तर पहिल्या इंजेक्शनाआधी कान तपासा असं डॉक्टरांना सांगा, आणि तो कागद जपून ठेवा. वीटभट्टीवर जाताना तो सोबत न्या. रायगडकरांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारावं.