हिमयंत्राची चावी

थंडी म्हणजे काय हे वसईच्या माणसाला ठाऊक असते, असा आमचा बरीच वर्षे समज होता. डिसेंबरात पहाटेच्या मिस्साला निघताना खांद्यावर एक शाल टाकली की आमचा हिवाळा भागत असे. त्यामुळे कॅनडातील मिसिसागा शहरात स्थायिक झालेल्या थोरल्या चिरंजीवांनी, "पप्पा, एक हिवाळा इथे काढून तर पाहा," असा आग्रह धरला तेव्हा आम्ही फारसा विचार न करता होकार दिला. २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता तेथे पोहोचलो. घर पाहून झाले, नातवंडांना कुरवाळून झाले, आणि मग मुलाने आम्हांला गॅरेजात नेऊन घरातल्या आणखी एका सभासदाची ओळख करून दिली.

लाल रंगाचे, दोन चाकांवर उभे असलेले, मागे दोन लांब मुठी आणि पुढे लोखंडी जबडा असे ते धूड होते. आमच्या बागायतदार डोळ्यांना ते पॉवर टिलरचे चुलत भावंड वाटले. "हा आमचा स्नोब्लोअर," मुलगा म्हणाला. नाव ऐकून आम्हांला वाटले, पंखा लावून बर्फ फुंकीत असेल. तसे काही नसते. जबड्यात मळसूत्रासारखी वळणे असलेले एक दातेरी पाते आडवे फिरते. ते बर्फ फोडून मधोमध ओढून आणते. त्याच्या मागे, सहज दिसणार नाही अशा जागी, दुसरे पाते कितीतरी अधिक वेगाने गरगरत असते. ते हा बर्फ उचलून वरच्या नळकांड्यातून आठदहा मीटर दूर भिरकावते. पहिले पाते चावते आणि दुसरे थुंकते, अशी त्याची सरळ वाटणी आहे. याहून लहान यंत्रांत एकच पाते दोन्ही कामे करते. पण ते जमिनीला घासून चालत असल्यामुळे खडीच्या वाटेवर ते चालवू नये, दगड गोळीसारखे सुटतात.

या यंत्राचा थोरला पूर्वज क्वेबेक प्रांतातील आर्थर सिकार नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने बनवला. शेतात धान्य मळण्याचे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९२५ मध्ये त्याचे यंत्र तयार झाले आणि १९२७ मध्ये माँट्रियलजवळच्या उत्रमाँ या नगराने ते विकत घेतले. तो चांगला ट्रकवर बसवलेला अजस्र प्रकार होता. मागून चालत हाकण्याजोगी घरगुती यंत्रे १९५० नंतर आली. भाताची मळणी आम्ही जन्मभर पाहिली; पण त्यातून बर्फ उडवावा असे आम्हांला कधी सुचले नसते, हे मान्य केले पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही वाटले होते. मग मुलाने कागदावर हिशेब मांडून दाखवला. ताजा, भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर पडला तर तो वितळून साधारण एक सेंटिमीटर पाणी होते. घरापासून रस्त्यापर्यंतचे अंगण साठ चौरस मीटर धरा आणि रात्रीतून पंचवीस सेंटिमीटर बर्फ पडला असे समजा. सकाळी दारात दीड हजार किलो ओझे येऊन पडलेले असते. ते फावड्याने उपसताना त्या गारठ्यात दरवर्षी कित्येकांच्या हृदयावर ताण येतो आणि काही जण तेथेच कोसळतात. आमच्या वयाच्या माणसांनी फावड्याला हात लावू नये, असे सूनबाईने पहिल्याच आठवड्यात बजावले होते. ती परिचारिका आहे. तिचे शब्द आमच्या घरात डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा जड पडतात.

यंत्राला हात लावू नये असे मात्र कोणी म्हणाले नव्हते. उलट मुलाने आम्हांला ते शिकवले. गॅरेजात ते कधी सुरू करायचे नाही. दार उघडे असले तरी धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून आधी यंत्र बाहेर ढकलायचे, मग सुरू करायचे. पेट्रोल इंजिन थंड असतानाच आणि उघड्यावर भरायचे. दोन मुठींखाली दोन दांडे असतात. एक दाबला की चाके चालतात, दुसरा दाबला की पाती फिरतात. हात सुटला की दांडे आपोआप उचलले जातात आणि क्षणा-दोन क्षणांत पाती थांबतात. हात दुखतात म्हणून हे दांडे दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवणारे महाभाग तिकडेही आहेत. नळकांड्याचे तोंड माणसे, मोटारी आणि खिडक्या यांच्यापासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेने ठेवायचे. नाहीतर उडवलेला बर्फ आपल्याच मुखकमलावर परत येतो. हा शेवटचा धडा आम्ही अनुभवाने घेतला. रस्त्यावर मात्र बर्फ टाकायचा नाही. ऑन्टारिओत तो कायद्याने गुन्हा आहे.

बर्फ पडण्यापूर्वी अंगण डोळ्यांखालून घालायचे, हेही त्याने सांगितले होते. पायपुसणे, वर्तमानपत्राची गुंडाळी, मुलांचा चेंडू, एखादी वीट, सारे बर्फाखाली दिसेनासे होते आणि यंत्राला मात्र अचूक सापडते. नाताळात आम्ही हौसेने हिरवळीवर गोठा मांडला आणि त्याच्या दिव्यांची तार अंगणातून आडवी नेली. मुलाने ती पाहिली आणि काही न बोलता गुंडाळून भिंतीच्या कडेने फिरवली. त्या जबड्याने तारेचे काय केले असते, याची कल्पना आम्हांला पुढे आली.

२०१९ च्या जानेवारी अखेरचा तो मंगळवार. आदल्या दिवशी दुपारपासून बर्फ कोसळत होता. चिरंजीव रात्रपाळीला विमानतळावर अडकलेले. सूनबाईला पहाटे इस्पितळात पोहोचायचे होते. तिने फावडे उचललेले पाहून आमच्यातला जुना शेतकरी जागा झाला. "तू चहा घे, वाट आम्ही मोकळी करतो," असे म्हणून आम्ही जामानिमा चढवला. आमच्या सौभाग्यवतींनी स्वहस्ते विणलेला चार हात लांब गळपट्टा गळ्यात घातला. सूनबाईने तो आमच्या कोटाच्या आत खोचला. "पप्पा, याचं टोक बाहेर लोंबू देऊ नका," एवढेच ती म्हणाली. सौभाग्यवतींना ते फारसे रुचले नाही.

अंगण झरझर मोकळे झाले. आम्ही मनात म्हटले, यापेक्षा वाडीतल्या केळीला आळी करणे अवघड. खरी परीक्षा टोकाला होती. नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करीत जाते तेव्हा बाजूला सारलेला बर्फ प्रत्येकाच्या फाटकाशी बांधासारखा रचून जाते. हा बर्फ अंगणातल्यासारखा भुसभुशीत नसतो. मीठ, चिखल आणि गोठलेली ढेकळे यांचा तो जड, ओला काला असतो. तो थोडा थोडा, निम्म्या रुंदीने आणि सावकाश खायला द्यायचा असतो. आम्ही पूर्ण जबडा घुसवला. यंत्र कण्हले, नळकांड्यातून येणारा फवारा आटला आणि पुढे काहीच येईना. तोंड गच्च भरले होते.

आम्ही दोन्ही दांडे सोडले. पाती थांबली. इंजिन चालू होते. पण पाती थांबलीच आहेत, मग भीती कसली, असा आमचा शेतकरी हिशेब. जाड हातमोज्याने पकड येईना म्हणून उजवा मोजा काढला आणि नळकांड्याकडे वाकलो.

"शाव्! शाव्!"

पलीकडच्या अंगणातून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडले. आमचे शेजारी पायजम्यावर कोट चढवून, बर्फात घसरत, धावत येत होते. हे गृहस्थ मूळचे आझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज, निवृत्त गवंडी. एरवी ते आमच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत. त्या क्षणी त्यांना मातृभाषाच आठवली. आम्हांला पोर्तुगीज येत नाही. पण 'शाव्' म्हणजे चावी, हे आमच्या डोक्यात एका पळात उजेडले, कारण तो शब्द आमचाच होता. किंवा खरे म्हणजे त्यांचाच, आम्ही घेतलेला. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. गेले ते गेले. पण पाव, साबण, बटाटा, परात आणि चावी मराठीच्या घरात ठेवून गेले. आमचा हात जागच्या जागी थबकला.

शेजाऱ्यांनी येताच यंत्राची चपटी लाल चावी खेचली. इंजिन बंद पडले. चावी त्यांनी आमच्या उघड्या तळहातावर ठेवून वर आमची मूठ मिटली. मग स्वतःचा उजवा पंजा आमच्यासमोर धरून एकेक बोट उघडीत पाचपर्यंत मोजले. तर्जनी आणि मधले बोट यांची शेवटची पेरे नव्हती. इतके दिवस त्यांच्या हातात मोजे असत, म्हणून आम्ही ती पाहिली नव्हती. मोजणी पुरी झाल्यावर त्यांनी यंत्राच्या अंगावर खोचलेली प्लास्टिकची काठी काढली आणि ती नळकांड्यात खुपसून बर्फाचा गोळा ढोसला. गोळा सुटला. त्यासरशी आतले पाते खट् आवाज करून पाव फेरा फिरले.

इंजिन बंद होते. चावी आमच्या मुठीत होती.

सूनबाई इस्पितळात वेळेवर पोहोचली, पण आमचे पाय बराच वेळ थरथरत होते. नंतर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना त्यांनी आपली हकीकत सांगितली. वीस-एक वर्षांपूर्वी असाच ओला बर्फ अडकला होता. त्यांनी इंजिन बंद केले होते. तेवढे पुरे आहे असे त्यांना वाटले. "बंद होते," हे ते तीनदा म्हणाले, जणू अजून कोणाला तरी ते पटवून द्यायचे होते. पुढे त्या हाताने त्यांना करणी धरता आली, पण पूर्वीसारखी नाही. त्यांच्या पत्नीने मध्येच उठून खिडकीचा पडदा सारखा केला.

हे होते कसे, ते मुलाने आल्यावर समजावले. इंजिनाची शक्ती पट्ट्यावरून पात्यांकडे जाते. पाते बर्फात रुतून अडते तेव्हा पट्ट्यात आणि दांड्यांत थोडा पीळ शिल्लक राहतो. इंजिन बंद केले तरी तो पीळ तसाच दबा धरून बसतो आणि अडसर निघताच सुटतो. वेग फार नसतो. बोटासाठी पुरेसा असतो. म्हणून दांडे सोडायचे, इंजिन बंद करायचे, चावी काढायची, पाच सेकंद थांबायचे, आणि एवढे सारे करूनही हात घालायचा नाही, काठीच घालायची.

ऐकता ऐकता आम्हांला आजोबांचा रहाट आठवला. आमच्या वाडीतल्या विहिरीवर रहाट होता आणि आम्हां पोरांना त्याच्या दातेरी चाकांचे भारी आकर्षण. आजोबा म्हणत, "बैल सुटला म्हणजे रहाट सुटला असं समजू नका." बैल सोडला तरी माळेच्या एका बाजूचे डबे पाण्याने भरलेले असत, त्यांच्या वजनाने चाक उलटे फिरू पाही. म्हणून ते आधी चाकात लाकडी खुंटा अडकवीत आणि मगच वंगण घालायला वाकत. साठ वर्षांपूर्वी पाठ झालेला हा धडा त्या पहाटे आम्हांला आठवला नाही, याची आम्हांला अजून लाज वाटते. यंत्र परके होते म्हणून त्याचे नियमही परके असतील, असे आम्ही धरून चाललो होतो.

उरलेला हिवाळा आम्ही शेजाऱ्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी: पात्यांना दांड्याशी जोडणाऱ्या नाजूक खिळी तपासल्या. या खिळी मुद्दाम मऊ धातूच्या केलेल्या असतात. पात्यात दगड अडकला तर खीळ तुटते आणि आतली महागडी दातेरी पेटी वाचते. आमच्या चिरंजीवांनी एका जागी साधा कडक बोल्ट ठोकला होता. शेजाऱ्यांनी तो काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. चिरंजीव गप्प बसले. पात्यांच्या दांड्याला ग्रीस नसेल तर पाते गंजून दांड्यालाच चिकटते, मग खीळ असून नसल्यासारखी, हेही तेव्हाच कळले. काम संपल्यावर लगेच इंजिन बंद न करता पाती मिनिटभर रिकामी फिरवायची, म्हणजे आतला बर्फ झडतो आणि रात्री गोठत नाही. गॅरेजातून काढलेले यंत्रही दोन-चार मिनिटे बाहेरच्या थंडीत ठेवायचे. उबदार लोखंडावर पडलेला बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि तोंड तुंबते. नळकांड्यात सिलिकॉनचा फवारा मारला तर ओला बर्फ कमी चिकटतो. तेल मोजणे, पट्ट्याला चिरा पाहणे, खालची घसरणारी पायटी झिजली की बदलणे, ही कामे आमच्या हाताला सवयीची निघाली.

एप्रिलमध्ये आम्ही परतीच्या तयारीला लागलो. निघण्यापूर्वी बापलेकांनी मिळून यंत्र उन्हाळ्यासाठी झाकले. टाकीतले पेट्रोल काढून, उरलेले संपेपर्यंत इंजिन बाहेर उघड्यावर चालू ठेवले, कारण महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर बंद पाडते. चार नव्या खिळी चिकटपट्टीने मुठीला बांधल्या. काठीला सौभाग्यवतींनी गळपट्ट्याच्या उरलेल्या लाल लोकरीचा गोंडा लावला, बर्फात पडली तरी दिसावी म्हणून. चावी गॅरेजातल्या खिळ्याला अडकवणार इतक्यात शेजारी कुंपणापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मुलाकडे पाहून आम्ही ती त्यांच्या तळहातावर ठेवली. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडेल तेव्हा चिरंजीवांना ती मागायला त्यांच्याच दारी जावे लागणार होते.