अंगणात एकच जीप



रोज सकाळी चौदा नियम धारण करणाऱ्या बहिणींना माहीत आहे, सचित्त, द्रव्य, विगय असं मोजत गेलं की आठव्या क्रमांकावर ‘वाहन’ येतं. फिरतं, चरतं, तरतं, उडतं, यांपैकी आज काय आणि किती वापरायचं ते ठरवायचं. आमच्या आळ्यासारख्या गावात तरतं-उडतं काही लागत नाही. ‘फिरतं एक’ म्हटलं की नियम झाला.

रोजचा नियम सोपा. अवघड आहे ते पाचवं अणुव्रत, परिग्रह परिमाण. त्याची मर्यादा जन्मभराची. सासऱ्यांनी घेतलेली मर्यादा आम्ही दोघांनीही पुढे चालवली: घरात चारचाकी एकच. आणि आमच्या ह्यांना जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांची भारी हौस!

हौस म्हटलं तरी गरजही होती. आमचं किराण्याचं होलसेल दुकान. आळ्यात पाऊस बेताचाच. पण ओतूर, डिंगोरे सोडून मढकडे, माळशेजच्या बाजूला गेलं की पावसाचं रूपच बदलतं. त्या वेळी आतल्या वाड्यांचे रस्ते कच्चे होते. टेम्पो चिखलात रुतला की साखरेची पोती डोक्यावरून न्यावी लागत. म्हणून 1997 मध्ये पहिली जीप आली, महिंद्राची एमएम 540, नऊ वर्षं वापरलेली. महिंद्रांनी 1949 पासून मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही. डिझेलवर चालणारी, कापडी टपाची. नवी गाडी परवडत नव्हती, आणि सासरे म्हणत, जी वस्तू जगात बनून आलीच आहे ती आधी पूर्ण वापरावी.

ह्यांनी मला तेव्हा एक गोष्ट समजावली ती अजून लक्षात आहे. गिअरच्या शेजारी जे छोटे दांडे असतात, त्यांनी पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जोर लावायचा नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक सोडवून घेतं, डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. म्हणजे शक्ती आहे म्हणून सदासर्वदा वापरायची नाही, अडेल तिथेच वापरायची. मला तर हे व्याख्यानात ऐकल्यासारखंच वाटलं.

खरी परीक्षा 2006 मध्ये आली. जीप थकली होती. नाशिककडच्या एका गृहस्थांची मारुती जिप्सी विकायला होती, भाव चांगला, गाडी नीट राखलेली. आमची जीप मात्र अजून विकली गेली नव्हती. हे म्हणाले, “तुझ्या नावावर घेऊ. महिन्याभरात जीप जाईलच.” कायद्याने काही चूक नव्हतं. फॉर्म 29 आणि 30 भरले की आरटीओत नाव बदलतं. पण मर्यादा घराची होती, नावाची नव्हती. सोनं बायकोच्या, शेत मुलाच्या, गाडी भावाच्या नावावर, असं वाटून टाकलं तर परिमाण वहीत तेवढंच राहतं आणि आसक्ती वाढतच जाते. मी म्हटलं, “अंगणात दोन उभ्या राहिल्या तर मोजायच्या किती, तुम्हीच सांगा.” हे दोन दिवस गप्प होते. जिप्सी दुसऱ्याने नेली. पावसाळा तोंडावर आला होता, आणि त्या वर्षी दीड महिना भाड्याच्या पिकअपवर भागवावं लागलं. नुकसान झालं, ते मी नाकारत नाही.

जीप विकताना आणखी एक प्रसंग. ओढ्यांतून जाऊन जाऊन पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. चाचणीच्या फेरीत ते कळलं नसतं. पण ह्यांनी गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगितलं, चाक वर उचलून हलवून दाखवलं. त्याने भाव पाडला. संध्याकाळी हे म्हणाले, “पैसे कमी आले, पण ओतूरच्या बाजारात तोंड चुकवावं लागणार नाही.” मग दुसरी जिप्सी मिळाली, 1998 ची, 1300 सीसीची. पेट्रोल पिणारी, पण वजनाला हलकी. फोर व्हील लावायच्या आधी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवावे लागत. पावसात ते काम माझा मुलगा आनंदाने करायचा.

माझ्या मनाला टोचत होतं ते वेगळंच. या गाडीचा खरा उपयोग चातुर्मासात, आणि चातुर्मासातच आपण कमीत कमी फिरायचं. ओल्या मातीत किती जीव असतात! साधू-साध्वी म्हणूनच चार महिने एका जागी थांबतात. घरी आल्यावर इरियावहिया करायची, पण तेवढ्याने भागत नाही. मग आम्ही गावोगावच्या दुकानदारांशी बोललो. पावसाळ्यात पंधरा दिवसांचा माल एकदम घ्यायचा, उधारीची मुदत तेवढी वाढवून देऊ. आठवड्याच्या दोन फेऱ्यांची पंधरवड्याला एक झाली. अंधारात फेरी बंद, कारण दिव्याच्या उजेडावर किडे झेपावतात.

गाडीचं एक काम मात्र मला फार प्रिय आहे. पुणे-नाशिक रस्त्याने महासतीजींचा विहार असला की पहाटे आमची गाडी त्यांच्या मागे माणसाच्या चालीने चालते, दिवे उघडझाप करत. ती त्यांना बसवायला नसते, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसावी म्हणून असते.

2016 पासून थार आहे, 2012 चं मॉडेल. मढकडचे बरेच रस्ते आता डांबरी झाले, छोटा दांडा वर्षातून मोजक्या वेळा हलतो. 2027 मध्ये नोंदणीची 15 वर्षं भरतील. तेव्हा फिटनेस करून पाच वर्षं वाढवायची, की साधी गाडी घ्यायची, ते ठरवू. ह्यांची नजर अजून जुन्या जीपवर जाते, ते मला दिसतं. जाऊ दे. पाहायला नियमाची आडकाठी नाही. दारातली गेल्याशिवाय दुसरी येणार नाही, एवढं दोघांनाही पक्कं माहीत आहे.